नदी नसलेलं बेट

ऑकलंडहून मंगळवारी सकाळी निघालेलं विमान साडेतीन तासांत नियुएला पोचतं, तेव्हा तिथे सोमवार चालू असतो. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. पश्चिमेकडच्या टोंगाचं आणि नियुएचं घड्याळ तंतोतंत जुळतं, तारखेत मात्र एका दिवसाचा फरक! सुमारे 260 चौरस किलोमीटरच्या या दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेट-देशात दोन हजारसुद्धा माणसं राहत नाहीत.

पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे हवे असतील तर बोराबोराला जावं. इथे समुद्रातून थेट उभे कडे उठतात. बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळ वाढले, मधे लगून (समुद्राच्या पाण्याचं उथळ तळं) असलेलं कंकणाकृती बेट तयार झालं आणि मग ते अख्खंच वर उचललं गेलं. पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पॅसिफिक समुद्राखालचा पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, पश्चिमेला सरकत टोंगाच्या गर्तेत, म्हणजे समुद्रतळातल्या खोल चरात, खाली घुसतो. घुसण्याआधी तो वाकतो आणि वाकताना त्याला किंचित फुगवटा येतो. नियुए नेमकं त्या फुगवट्यावर चढलंय. एके काळचा लगूनचा तळ आज बेटाच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून बराच उंचावर आहे. तिथे आता अरवीचे मळे आणि जंगल दिसतं.

पाऊस भरपूर पडतो, वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर. तरी बेटावर एकही नदी नाही, साधा ओहोळही नाही. चुनखडीच्या भेगांतून सगळं पाणी खाली मुरतं. खाली खारं पाणी असतंच, पण गोडं पाणी थोडं हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा, की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली गोड्या पाण्याचा साठा चाळीसेक मीटर खोल जातो. याच साठ्यात बोअर मारून गावांना पाणी पुरवतात.

नदी नाही म्हणजे गाळही नाही. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी समुद्र कसा मातकट होतो ते आठवा. नियुएला तसं होत नाही आणि पाण्याखाली पन्नास मीटरच्या पुढचंही दिसू शकतं. मुरलेलं पाणी किनाऱ्याजवळच्या कपारींतून झिरपत बाहेर येतं. मातापाच्या घळीत किंवा लिमूच्या कुंडांत गॉगल लावून डोकं बुडवलं, की वरच्या थंड, गोडसर थरात सगळं धूसर, थरथरतं दिसतं. गोडं आणि खारं पाणी प्रकाशाला वेगवेगळं वाकवतं, म्हणून ही गंमत. हातभर खाली गेलं की मासे पुन्हा लख्ख!

त्या माशांत काळ्या-करड्या पट्ट्यांचा कातुआली दिसेल. जगात फक्त इथेच सापडणारा हा समुद्री साप विषारी आहे, पण स्वभावाने गरीब. श्वास घ्यायला तो वर येतो, तेव्हा त्याला वाट द्यावी.

जुलै ते ऑक्टोबरात गेलात तर अंटार्क्टिकाकडून आलेले हंपबॅक देवमासे किनाऱ्यावरूनही दिसतात, कारण कड्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. प्रवाळखडक पायाला कापतो, तेव्हा जाड तळाचे बूट हवेतच. आणखी एक: जमिनीवर सांडलेलं काहीही, मग ते खत असो की डिझेल, त्याच भेगांतून पिण्याच्या पाण्यात उतरतं. आणि नियुएला दुसरा जलसाठा नाही, छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतील तेवढंच.