मोटर उघडण्याआधी ऐका

पुणे-पिंपरी पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. उत्पादन थांबलेलं, त्यामुळे शॉप मेंटेनन्सवाल्यांच्या ताब्यात. वर्ष झालं ना, मग उघडा मोटर, काढा बेअरिंग, बसवा नवं, रजिस्टरात सही. शुक्रवारी पहिल्या पाळीत तीच मोटर कुरकुरायला लागली की मालक वैतागतो, "अहो, कालच तर बदललं!" मोटर बिघडायचं कारण पुष्कळदा तेच असतं: ती काल उघडली होती.

हे उफराटं वाटतं, कारण वय झालं की यंत्र जातं ही समजूत आपल्या डोक्यात पक्की आहे. तारीख ठरवून सुटे भाग बदलले की ब्रेकडाउन टळला, असा हिशोब. दुसऱ्या महायुद्धात या हिशोबातली खोट दाखवली ती चक्क एका जीवशास्त्रज्ञानं. कॉनराड वॉडिंग्टन तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करत होते. लिबरेटर विमानांची उड्डाणाच्या दर ५० तासांनी तपासणी व्हायची. बिघाडांच्या नोंदी तासांप्रमाणे मांडल्यावर दिसलं, की सर्वांत जास्त बिघाड तपासणीनंतर लगेच होतात आणि पुढे कमी होत जातात. तपासणी काही बिघाड टाळत असेलही, पण काही नव्यानं घडवतही होती. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानाच्या ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही फायदा होत नाही, असं त्यांच्या आकडेवारीत निघालं. ६८ टक्के भाग तर नवे असतानाच जास्त बिघडत होते.

विमान म्हणजे लेथ नव्हे, आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पट्टे, सील, साखर कारखान्यातल्या गाळप रोलरचे दाते हे सरळ झिजतात. त्यांना तारीख लावावी. बेअरिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी बेअरिंगसाठीच लिहायला घेतला.

कॅटलॉगात बेअरिंगचं जे ‘एल-१०’ आयुष्य छापलेलं असतं, त्याचा अर्थ ‘इतके फेरे नक्की चालेल’ असा नाही. तेवढ्या फेऱ्यांत शंभरातली दहा बेअरिंगं गेलेली असतील, एवढाच अर्थ. निम्मी बेअरिंगं त्याच्या सुमारे पाचपट चालतात. एकाच खोक्यातली, एकाच भाराखालची बेअरिंगं, आणि आयुष्यात हा फरक! मग बदलायची तारीख कुठली धरणार? अलीकडची धरली तर बहुतेक धडधाकट माल भंगारात जातो. पलीकडची धरली तर अडचणीची दहा आधीच मोटर घेऊन बसलेली असतात. भाराचा परिणाम तर घनात मोजतात: बॉल बेअरिंगवर भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. पट्टा ‘जरा टाइट’ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढा फरक पडतो, कारण सुरुवात पोलादाच्या आत होते. बेअरिंगमध्ये एकात एक अशा दोन कड्या असतात, त्यांना रेस म्हणतात, आणि त्यांच्या मधे बॉल फिरतात. बॉल आणि रेस यांचा स्पर्श जवळजवळ बिंदूएवढा. तिथे किती दाब येतो याचं गणित हाइनरिश हर्ट्‌झनं १८८१ मध्ये मांडलं. वारंवारतेच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच हा. पोलाद सरकवू पाहणारा ताण पृष्ठभागावर नाही, तर त्याच्या किंचित खाली सर्वांत जास्त असतो. तिथे एखादा अशुद्ध कण असला की बारीक तडा सुरू होतो. लाखो फेऱ्यांनंतर तो वर येतो, पापुद्रा निघतो आणि रेसला खड्डा पडतो. कण कुठे आणि किती खोल आहे, हा नशिबाचा भाग.

खड्डा पडला तरी मोटर बंद पडत नाही. बऱ्याचदा ती आणखी काही आठवडे चालते, आणि या काळात ती बोलत असते. ६२०५ क्रमांकाचं नेहमीचं बेअरिंग घ्या. त्यात ९ बॉल. मोटर मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. आतली रेस शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची स्थिर. दोन्हींच्या मधल्या बॉलचा केंद्रबिंदू आतल्या रेसच्या पृष्ठभागाच्या निम्म्या वेगानं सरकतो. शिवाय त्याचं वर्तुळ मोठं, म्हणून बॉलना धरणारा केज निम्म्याहूनही कमी फेरे घेतो: शाफ्टच्या सुमारे ०.३९८ पट, सेकंदाला साधारण साडेनऊ. बाहेरच्या रेसमधल्या खड्ड्यावरून प्रत्येक फेऱ्यात ९ बॉल जातात, म्हणजे सेकंदाला ८६ टोले. आतल्या रेसच्या दृष्टीनं केज २४ वजा साडेनऊ, म्हणजे साडेचौदा वेगानं मागे पडतो. गुणिले ९, सुमारे १३० टोले. मोटर न उघडता कोणती रेस गेली हे आकड्यावरून कळतं! बॉल थोडे घसरतात, म्हणून टक्का-दोन टक्के इकडेतिकडे धरायचे.

आता कंपनमापक लावून ८६ हर्ट्‌झ शोधायला गेलात तर सुरुवातीला हाती काही लागणार नाही. टोला अगदी हलका असतो, आणि असमतोल रोटर, वाकडं कपलिंग यांच्या थरथरीत तो बुडून जातो. पण देवळातली घंटा कितीही सावकाश वाजवा, तिचा स्वर तिचाच असतो. तसं प्रत्येक टोल्याला बेअरिंगचं घर, म्हणजे ते ज्यात बसवलेलं असतं तो भाग, आपल्या स्वतःच्या, हजारो हर्ट्‌झच्या वारंवारतेनं क्षणभर झणाणतं. त्या उंच पट्टीत असमतोलाचा गोंगाट पोचत नाही. म्हणून फक्त ती पट्टी गाळून घ्यायची, लहरींची माथी जोडणारी रेषा काढायची आणि ती रेषा सेकंदाला किती वेळा वर उठते ते मोजायचं. मिळालं ८६! मध्यम लहरीवरच्या रेडिओत आवाज असाच वेगळा काढतात. आतल्या रेसचा खड्डा भाराखाली येतो-जातो, त्यामुळे १३० च्या दोन्ही बाजूंना २४-२४ च्या अंतरावर आणखी रेषा उमटतात. आलेखात त्या पाहिल्या की मला अजून आनंद होतो.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावणारा फिटर अंदाजानं हेच करत असतो. मात्र कानाला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हाताला गरम लागेपर्यंत तर आवराआवरच.

दसऱ्याला मशिनला झेंडू जरूर वाहा, सणच आहे. वर टांगलेल्या लिंबू-मिरचीचा मात्र ग्रीसवर काही परिणाम होत नाही. आणि ‘बिघाड ओळखण्यात आमचं एआय ९९ टक्के अचूक’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हा आकडा कुठल्या नोंदींवरचा, ते विचारा. अनेक शोधनिबंध अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या नोंदी वापरतात. तिथल्या बेअरिंगांना ठिणगीयंत्रानं मुद्दाम नीटनेटके खड्डे पाडले होते. शेजारी पॉवर प्रेस धडधडत असताना काय होतं, ते त्यावरून ठरत नाही. छोट्या कारखान्याला महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच भाराखाली घेतलेलं मोजमाप आणि एक वही पुरते. आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे बघायचं.

आणि बदललंच, तर जुनं बेअरिंग भंगारात फेकण्याआधी कापून बघा. रेसवर समोरासमोर दोन ठिकाणी झीज असेल तर घर दाबलं जाऊन लंबगोल झालंय. बॉलमधल्या अंतराइतक्याच अंतरावर खळगे असतील तर हातोड्याचा संशय घ्या: शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रेसवर ठोकलं की सगळा मार बॉलमधून जातो, आणि नवंकोरं बेअरिंग जायबंदी होऊनच कामाला लागतं. हातोडा लागलाच नव्हता, असं फिटर शपथेवर सांगत असेल तर ती मोटर आधी कुठे ठेवली होती ते विचारा. धडधडणाऱ्या मशिनशेजारी महिनोन्‌महिने नुसत्या पडून राहिलेल्या स्पेअर मोटरच्या बेअरिंगातही त्याच अंतरावर खळगे पडतात. तिचा शाफ्ट दर पंधरवड्याला हातानं थोडा फिरवून ठेवावा, म्हणजे बॉल एकाच जागी घासत राहत नाहीत.