सागरी दुर्घटना चौकशी (मुंबई)

जहाज बुडाले, आदळले, पेटले किंवा जहाजावर माणसे दगावली, तर ते का घडले याचा सरकारी यंत्रणेने घेतलेला शोध म्हणजे सागरी दुर्घटना चौकशी. जहाज कायमचे गमावले, जीव गेला किंवा पर्यावरणाची मोठी हानी झाली, की आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेनुसार ती ‘अतिगंभीर दुर्घटना’ ठरते आणि चौकशी टाळता येत नाही. ही संहिता 1 जानेवारी 2010 पासून बंधनकारक आहे.

मुंबईच्या मनात सागरी दुर्घटना म्हटले की आधी ‘रामदास’ येते. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावस्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सणासाठी गावी निघालेली 600हून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. ती बुडाली तरी मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता.

भारतातील व्यापारी जहाजांचा कारभार नौवहन महासंचालनालय पाहते; त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. 1958च्या मर्चंट शिपिंग कायद्याने घातलेली पद्धत अशी : आधी प्राथमिक चौकशी, मग गरज वाटल्यास दंडाधिकाऱ्यापुढे औपचारिक चौकशी. तिथे दंडाधिकाऱ्याच्या शेजारी दर्यावर्दी अनुभवाचे असेसर, म्हणजे सल्ला देणारे जाणकार, बसतात. कप्तानाच्या प्रमाणपत्रावर गदा येऊ शकते. (संसदेने 2025 मध्ये नवा कायदा संमत केला आहे.) पोलिसांचा गुन्हा वेगळा चालतो, 2021च्या तौक्ते वादळात पी-305 हा कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज (सपाट तळाचे जहाज) बुडाला, तेव्हा असा गुन्हा येलो गेट पोलीस ठाण्यात नोंदला गेला.

संहितेतली सुरक्षा-चौकशी या दोन्हींहून निराळी. दोषी कोण हे ती ठरवत नाही. तसाच अपघात पुन्हा होऊ नये एवढ्यासाठीच ती असते. खलाशी शिक्षेच्या धाकाविना बोलला तरच खरे कळते, म्हणून ती वेगळी ठेवणे फार मोलाचे आहे.

मोठ्या जहाजावरचा भक्कम पुरावा म्हणजे व्हीडीआर (व्हॉयेज डेटा रेकॉर्डर), विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा भाऊ. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातले बोलणे, रेडिओवरचे संदेश, रडारचे चित्र, वेग, दिशा सारे त्यात साठते. जुन्या यंत्रांत मात्र जेमतेम शेवटचे 12 तास राहतात. अपघातानंतरच्या धांदलीत कोणी ‘सेव्ह’चे बटण दाबले नाही आणि यंत्र चालूच राहिले, तर धडकेच्या क्षणावर नवे ध्वनिमुद्रण चढते.

गेटवेहून सुटणाऱ्या लाँचवर असे यंत्र नसते. या लाँच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची चाचणीवरची स्पीडबोट आदळली, 15 जण दगावले. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. वळणे घेत अंगावर येणारी ती बोट लोकांनी पाहिली, ती एका प्रवाशाच्या मोबाइलमधल्या चित्रणात.