केमोचं बिल धरलं होतं, गीझरचं नव्हतं

मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही ऑपरेशन, केमो, स्कॅन सगळ्याचा हिशोब वहीत मांडला होता, पण पहिलं सलाईन घेऊन ती घरी आली, हात धुवायला नळ सोडला आणि ओरडलीच, बोटांत करंट बसल्यासारखं झालं म्हणे. औषध होतं ऑक्झॅलीप्लॅटिन. शरीरात त्यातून ऑक्झॅलेट सुटतं, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि त्याने संवेदना नेणाऱ्या नसांमधले सोडियम आत घेणारे दरवाजे बिघडतात असं मानतात, म्हणून जरासा गारवाही नसांना सहन होत नाही. फ्रीजचं दार, स्टीलचा तांब्या, सकाळची फरशी, सगळंच झोंबतं. बेसिनला गरम पाण्याची लाइन नव्हती, त्याच आठवड्यात छोटा गीझर घेतला, प्लंबरचे वेगळे, लाइटबिल वेगळं.

सोबत कॅपेसिटाबिन नावाच्या केमोच्याच गोळ्या, 14 दिवस घ्यायच्या आणि 7 दिवस सुट्टी, असे 8 राउंड. या गोळीने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, हँड-फूट सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि तिथे कढत पाणीही चालत नाही!! म्हणजे गार नको, कढत नको, फक्त कोमट. भांडी घासणं बंद, मग बाई लावली. मऊ चपला, सुती मोजे, युरियाचं क्रीम (ट्यूब किती लवकर संपते ते लावणाऱ्यालाच कळतं). उलटी होऊ नये म्हणून जे डेक्सामेथासोन देतात त्याने शुगर चढते, मावशीला डायबेटिस आधीपासूनच, त्यामुळे शुगर तपासायच्या स्ट्रिपचा डबा भराभर संपायचा. आणि केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून ताप 100.4 फॅरेनहाइट दिसला की सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, म्हणजे रात्री 2 वाजता जी मिळेल ती गाडी, सांगेल ते भाडं.

यातलं काहीच हॉस्पिटलच्या बिलात नसतं. डॉक्टर लोक याला फायनान्शियल टॉक्सिसिटी म्हणतात, औषधाचा जसा शरीरावर त्रास तसा पैशाचा त्रास, आणि मला तो शब्द अगदी बरोबर वाटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दिल्लीच्या एम्समध्ये 264 पेशंटवर एक अभ्यास झाला, 2024 मध्ये छापून आला. कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांनी हातांना डायक्लोफेनॅक जेल लावलं, तेच आपण गुडघ्याला चोळतो ते, तर हँड-फूटचा मध्यम ते जास्त त्रास 3.8 टक्के लोकांना झाला, औषध नसलेलं साधं जेल लावणाऱ्यांत 15 टक्के. आम्हाला हे सहाव्या राउंडला कळलं, तोवर कातडी सोलून झाली होती. तुमच्या घरी ही गोळी सुरू होणार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना जेलबद्दल विचारा, आणि घरात काय काय लागेल तेही विचारून घ्या.

केमो संपली की खर्च संपतो असंही नाही. ऑक्झॅलीप्लॅटिन बंद केल्यावरही त्याने आलेला बोटांचा बधिरपणा दोन-तीन महिने वाढू शकतो. मावशीला अजून ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, कालच शिंप्याकडे सगळे ब्लाउज वेल्क्रो लावायला दिलेत.