चित्रातल्या गाँगचा आवाज

गाँग म्हणजे टोला देऊन वाजवायची धातूची मोठी थाळी. जुन्या संग्रहांतली तिची चित्रं आता कुणालाही फुकट पाहता येतात. त्यांत आवाज नसतो, पण आकार नीट न्याहाळला तर तो कसा असणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

आधी मधोमध पाहा. जावा बेटावरच्या गामेलान वाद्यमेळातल्या मोठ्या गाँगला तिथे गोल फुगवटा असतो. त्यामुळे मोजकीच कंपनं जोर धरतात आणि ठरावीक सूर लागतो. फुगवटा नाही, थाळी सपाट आहे, तर ती बहुधा ऑर्केस्ट्रातली टॅमटॅम. तिला एक असा सूर नाही. मऊ टोल्याने वाजवली की आधी खर्जातला घुमारा येतो. तो झळझळीत, सळसळता आवाज भरतो मागाहून, सेकंदभराने. वाजवणाऱ्याने तोवर हात मागे घेतलेला असतो! पत्रा इतका हलतो की संथ कंपनांतली ऊर्जा आपोआप वेगवान कंपनांत झिरपत जाते. गाँगमधली मला सर्वांत नवलाची वाटते ती हीच गोष्ट.

चिनी ऑपेरात दोन गाँग असतात. ठोक्यानंतर मोठीचा सूर खाली घसरतो, लहानीचा वर चढतो. मोठीचा मधला भाग जवळपास सपाट असतो. जोरात वाजवली की पत्रा ताणला जाऊन ताठरतो, सूर चढा निघतो आणि कंपन ओसरेल तसा उतरतो. लहानीचा मधला भाग किंचित घुमटाकार. मोठ्या कंपनात घुमटाचा ताठपणाच कमी होतो, म्हणून तिथे सगळं उलट.

धातूची करामत मात्र चित्रात दिसत नाही. हे कासं, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. काशाचं भांडं हातातून पडलं की फुटतं, हे घरोघरी माहीत आहे. म्हणूनच ते लालबुंद तापवून, पुन्हा पुन्हा भट्टीत घालून ठोकावं लागतं आणि शेवटी थेट पाण्यात बुडवतात. पोलाद असं विझवलं तर ठिसूळ होतं, कासं उलट चिवट होतं, कारण सावकाश निवताना जी ठिसूळ रचना तयार होते तिला वेळच मिळत नाही. जावातल्या सेमारंगच्या कारागिरांची ही रीत याकोबसन आणि व्हान हॅसेल्ट या अभ्यासकांनी १९०७ मध्ये तपशिलाने छापली.

चित्र फसवतंही. ब्रिटनच्या रँक कंपनीच्या चित्रपटांच्या सुरुवातीला एक उघडाबंब पैलवान भल्यामोठ्या गाँगवर ठोका देतो. ती गाँग कागदाच्या लगद्याची होती. आवाज जेम्स ब्लेड्स या तालवादकाने टॅमटॅमवर वेगळा वाजवून दिला होता.