मध्यवर्ती व्यापार विभाग, मुंबई

महानगरातील बँका, विमा कंपन्या, रोखेबाजार आणि मोठ्या उद्योगांच्या मुख्य कचेऱ्या जेथे एकवटतात व जमिनीला सर्वाधिक भाव येतो, तो भाग. मुंबईत हे स्थान प्रथम फोर्टकडे (जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘कोट’) होते. विसाव्या शतकात ते बॅलार्ड इस्टेट व नरिमन पॉइंटकडे पसरले आणि गेल्या काही दशकांत बव्हंशी वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेले.

अशा विभागाची हद्द आखण्यासाठी मर्फी व व्हान्स या अमेरिकन भूगोलज्ञांनी १९५४ मध्ये सुचवलेली कसोटी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. व्यापारी वापराखालील मजल्यांचे क्षेत्र तळमजल्याच्या क्षेत्राइतके किंवा अधिक, तसेच एकूण मजला-क्षेत्राच्या निदान निम्मे असेल, तर तो चौक (रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा गट) विभागात धरतात. या मोजणीत सरकारी कचेऱ्या, घाऊक व्यापार आणि निवास वगळले जातात. फोर्टला ती लावली तर उच्च न्यायालय, टपाल कार्यालय व पोर्ट ट्रस्ट (बंदराचा कारभार पाहणारी सार्वजनिक संस्था) बाहेर पडतात आणि बझार गेटकडील घाऊक पेढ्याही उरत नाहीत. तळाला कागदाचे दुकान, लाकडी जिन्याने वर गेल्यावर सॉलिसिटरची कचेरी आणि त्याही वर एखादे पारशी बिऱ्हाड, ही बोरा बाजाराच्या बाजूची रचना कोणत्याच रकान्यात बसत नाही. मुंबईपुरती ही कसोटी सैल हातानेच वापरलेली बरी.

फोर्टच्या तटबंदीच्या काळाविषयी मतभेद आहेत. येथील मूळची पोर्तुगीज गढी सतराव्या शतकात इंग्रजांच्या ताब्यात आली. जेराल्ड ऑन्जिए (गव्हर्नर, १६६९–७७) याने वसाहतीस उत्तेजन दिले म्हणून काही लेखक तटाचे श्रेयही त्यालाच देतात. मात्र शहराला वेढणारा तट चार्ल्स बून (गव्हर्नर, १७१५–२२) याच्या कारकिर्दीत उभा राहिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यासाठी सर्रास दिले जाणारे १७१६ हे साल कामाच्या एका टप्प्याचे असावे. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट हे तीन दरवाजे होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनी धास्तावली व पुढे तटाभोवती खंदक खणला गेला. त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये दिल्याची नोंद सांगतात. १८०३ च्या आगीनंतर कोटातील दाटी कमी करण्याचे प्रयत्न झाले आणि उत्तरेकडील वस्ती वाढली. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६२ पासून, तट पाडण्यात आला. त्याचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात उभा आहे.

तट पडल्याने सरकारच्या हाती मोकळी जमीन आली, तीही कापसाच्या तेजीच्या ऐन भरात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला व मुंबईत पैसा लोटला, शेअरांचा जुगार माजला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये बँका व भरणी (समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या) कंपन्या कोसळल्या. मात्र त्या पैशातून आखलेला एल्फिन्स्टन सर्कल (आजचे हॉर्निमन सर्कल), तटाच्या जागी झालेले रस्ते आणि हॉर्न्बी रोड (आजचा दादाभाई नौरोजी मार्ग) टिकले. या रस्त्यावरील इमारतींना पुढे कमानींची सलग पडवी ठेवण्याची सक्ती झाली. भर पावसात फोर्टमध्ये अजून बऱ्यापैकी कोरडे चालता येते, ते या पडवीमुळे.

रोखेबाजाराच्या आरंभाविषयीही एकवाक्यता नाही. १८५० च्या दशकात दलाल टाउन हॉलसमोरील वडाखाली जमत आणि नंतर मेडोज स्ट्रीटच्या तोंडाशी सरकले, ही हकीकत सर्वत्र आढळते, पण तिचा आधार मुख्यतः परंपरेचा आहे. १८७४ मध्ये दलाल ज्या गल्लीत स्थिरावले ती दलाल स्ट्रीट. संस्था स्थापण्याचा ठराव १८७५ चा, तर रीतसर करारपत्र १८८७ चे आहे. बाजार स्वतः १८७५ हे स्थापनावर्ष मानतो.

बॅलार्ड इस्टेट ही पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातील मातीने भरलेली जमीन (सु. १९१४–१८). तिच्या एकसारख्या दर्शनी भागांची आखणी वास्तुविशारद जॉर्ज विटेटची आहे.

नरिमन पॉइंट १९७० च्या दशकात उभा राहिला. १९२० च्या दशकात बॅकबे भरणी योजनेतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणाऱ्या खुर्शेद नरिमन यांचेच नाव त्याच समुद्रातील नव्या भरणीला मिळावे, हा योग विलक्षण खराच. दक्षिणेकडील कचेऱ्यांचा भार कमी व्हावा म्हणून १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे शासकीय महामंडळ सिडको स्थापन झाले. नेमक्या त्याच काळात शासन या टोकाला भूखंड देत राहिले, हा आक्षेप नवी मुंबईच्या पुरस्कर्त्यांनी सातत्याने घेतला.

फोर्टचा ओघ का आटला याची कारणे वेगवेगळी सांगतात. उपनगरांतून येणाऱ्या नोकरदारांचा लोकलचा प्रवास, वाहनतळांचा अभाव व जुन्या इमारती यांवर नगररचनाकारांचा भर असतो. भाडेकायद्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमाने प्रमाण भाडे (कायद्याने मान्य कमाल भाडे) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि त्यात दुकाने व कचेऱ्याही आल्या. पागडी (जागेचा ताबा देताना घेतली जाणारी एकरकमी रक्कम) घेऊन जागा हातोहात फिरत राहिली. मालकाला डागडुजीत स्वारस्य उरले नाही आणि भाडेकरूला जागा सोडण्यात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे कालबाह्य व अवाजवी ठरवले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले) भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढले. मोठे भाडेकरू बाहेर पडले, वकील, नोटरी व छोट्या पेढ्या मात्र राहिल्या. फोर्टचे आजचे रूप पुष्कळसे या कलमाने घडवले आहे.

१९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (स्थापना १९७५) वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन आले. मिठी नदीकाठची ही खाजणजमीन सु. ३७० हेक्टर आहे. राष्ट्रीय शेअर बाजार व रोखेबाजारांची नियामक संस्था सेबी येथे आले आणि २०१० मध्ये ऑपेरा हाउस परिसरातील हिरेबाजारही भारत डायमंड बोर्सकडे निघाला. नदीचे पात्र आवळल्याची टीका २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तीव्र झाली.

मुंबईच्या व्यापार विभागाचे प्रत्येक स्थलांतर सार्वजनिक संस्थेच्या हाती कोरी जमीन आल्यावरच झाले. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर, म्हणजे लोअर परळला, वाढलेली कचेऱ्यांची वस्ती हा याला ठळक अपवाद. तेथील जमीन बरीचशी खासगी होती आणि म्हणूनच रस्ते अरुंद राहिले.

फोर्टमधील वारसा इमारतींना १९९५ च्या नियमावलीने संरक्षण दिले. जवळच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.