दोन राज्यांचा मजकूर, एकच वर्ग: वेब फीड आणि सीमाभागातला शिक्षक

बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकाला दोन राज्यांचं वाचावं लागतं. अभ्यासक्रम बेंगळूरला ठरतो, पुस्तकं तिथूनच मराठीत छापून येतात, दहावीची परीक्षा एसएसएलसीची आणि बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचं परिपत्रक कन्नडमध्ये. पण मुलांना वाचून दाखवायची गोष्ट, विज्ञानाचा घरगुती प्रयोग, दिनविशेष, व्याकरणाचा सराव हे मराठीत हवं असलं की नजर कोल्हापूर-पुण्याकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याचा चंदगड तालुका तेवढा कोल्हापुरास जोडला गेला, तेव्हापासूनची ही स्थिती आहे. सीमाप्रश्नावर महाजन आयोग झाला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. वर्गातल्या शिक्षकाची दुहेरी वाचणी मात्र चालूच राहिली.

वेब फीड म्हणजे संकेतस्थळांवरच्या नव्या लेखांची, वाचणाऱ्याकडे आपोआप येणारी यादी. तिचा इतिहास सीमाभागातून पाहावासा वाटतो तो यामुळेच. दोन्हीकडचं एकत्र करून हातात देणारी कुठलीच यंत्रणा इथे नाही. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे शिक्षकालाच ठरवावं लागतं, आणि ती निवड पूर्णपणे वाचणाऱ्याच्या हाती ठेवणारं फीडइतकं साधं साधन इंटरनेटने क्वचितच दिलं असेल.

इंटरनेटच्या आधीही निवड होतीच. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगावात सुरू केलेला ‘तरुण भारत’ शाळेत यायचा आणि प्रार्थनेनंतर एखादा विद्यार्थी त्यातले ठळक मथळे वाचायचा. रेडिओवर १९५० पासून धारवाड आणि १९६३ पासून सांगली, म्हणजे एक कन्नड केंद्र आणि एक मराठी. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं. मन लावून शिकवणारे गुरुजी कात्रणं कापून वहीत चिकटवत आणि वर पेपरचं नाव नि तारीख लिहीत. नाव आणि तारीख लिहिण्याची ही सवय पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

फीडचा जन्म मार्च १९९९ मधला. नेटस्केप कंपनीला आपल्या पोर्टलवर इतर संकेतस्थळांचे ताजे मथळे दाखवायचे होते. त्यासाठी मद्रास आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी एक मांडणी ठरवली आणि तिला आरएसएस नाव मिळालं. कल्पना अगदी सरळ होती. प्रत्येक संकेतस्थळाने एक साधी मजकूर-फाईल ठेवायची. तिच्यात नव्या लेखांची यादी असेल: मथळा आणि मूळ लेखाचा पत्ता. पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक नोंदीला थोडा सारांश आणि तारीखही आली. वाचणाऱ्याकडचा कार्यक्रम, म्हणजे फीड रीडर, अशा अनेक फायली ठराविक वेळाने तपासतो आणि नवीन असेल तेवढंच समोर आणतो. पन्नास संकेतस्थळं रोज उघडून बघण्याचे कष्ट वाचतात. वाचणाऱ्याला आपलं नाव, मोबाईल नंबर, काहीच द्यावं लागत नाही. क्रमही काळाचा असतो. कुणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्राने लावलेला नसतो.

नेटस्केपने २००१ पर्यंत या कामातून अंग काढून घेतलं. त्याआधीच अमेरिकी प्रोग्रामर डेव्ह वायनर आणि दुसरा एक गट यांच्यात मांडणी कशी असावी यावरून वाद पेटला होता. दुसऱ्या गटाने डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० काढलं, वायनरनी सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.०. भांडणाला कंटाळलेल्यांनी ‘ॲटम’ नावाची तिसरी मांडणी बांधली आणि डिसेंबर २००५ मध्ये तिला इंटरनेटच्या मानकांत जागा मिळाली. आजचे रीडर तिन्ही वाचतात, त्यामुळे या वादात शिक्षकाने फार शिरण्याचं कारण नाही. एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे. आरएसएस १.० वर काम करणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ हा मुलगा होता आणि तेव्हा त्याचं वय चौदा वर्षांचं होतं. आपल्याकडे नववीच्या बाकावर बसणारं वय. जगभरची वर्तमानपत्रं पुढे ज्या पद्धतीने मथळे पाठवू लागली, ती ठरवणाऱ्यांत त्या वयाचा मुलगा बरोबरीने बसला होता, हे खानापूर-निपाणीच्या मुलांना कळायला हवं.

वायनरनी फीडमध्ये ध्वनिफीत जोडण्याची सोय केली आणि त्यातून २००४ च्या सुमारास पॉडकास्ट उभा राहिला. मोबाईलवर मराठी पॉडकास्ट ऐकणारा प्रत्येक जण आजही बहुधा फीडच वापरत असतो. नारिंगी चौकोनातल्या दोन कमानींचं चिन्ह फायरफॉक्समध्ये आलं. डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तेच स्वीकारलं आणि फीडला सर्वत्र एकच ओळख मिळाली.

पण ही सगळी इंग्रजीची गोष्ट झाली. मराठीला तिथे पोचायला उशीर झाला आणि त्याचं कारण लिपीच्या साठवणीत होतं. त्या काळी बरीच मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टवर चालत. ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना पानावरच असायची. त्या पद्धतीत संगणकात साठवलेली अक्षरं खरं म्हणजे रोमनचीच असत, फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवी. फीडमध्ये फॉन्ट जात नाही, फक्त मजकूर जातो. त्यामुळे असं पान रीडरमध्ये आलं की मथळ्याच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचा गिचमिडा दिसे. कन्नडचीही तीच अडचण होती. शासकीय कामात रुळलेलं ‘नुडी’ हे कन्नड लिहिण्याचं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर नसेल तिथे मजकूर वाचता येत नसे.

उत्तर होतं युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या त्यात १९९१ पासून होत्या, पण घरोघरच्या संगणकांना त्या दाखवता येत नव्हत्या. विंडोज एक्सपीतसुद्धा भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुतेक वेळा मूळ सीडी मागितली जाई. सायबर कॅफेत ती सीडी कोण शोधून देणार? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी युनिकोडमध्ये सुरू झाला, ब्लॉग लिहिणारे पुढे आले आणि वर्तमानपत्रं एकामागून एक वळली. तेव्हा कुठे मराठी मथळा आणि कन्नड मथळा एकाच रीडरमध्ये, एकाखाली एक, नीट वाचता येऊ लागले. सीमाभागातल्या शिक्षकासाठी फीडचा खरा आरंभ इथून होतो. माझ्या मते ही घटना आपण पुरेशी नोंदवलेलीच नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला आणि फीड वाचणं ईमेल तपासण्याइतकं सोपं झालं. वर्गासाठी त्याचा उपयोग कसा होतो, याचं भूगोलातलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं जगभरच्या भूकंपांचं फीड देतं. आठवड्यातून एकदा मुलांनी नवीन नोंदी वाचायच्या आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर ठिपका काढायचा. जूनमध्ये सुरुवात केली तर दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत पॅसिफिक महासागराभोवतीचा पट्टा आपोआप उमटतो. पुस्तकात व्याख्या वाचण्याआधी मुलांनी तो स्वतः पाहिलेला असतो. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची आठवण सांगणारी माणसं आपल्या गावांत अजून आहेत, त्यामुळे चर्चा घरापर्यंत पोचते.

मराठी साहित्याचा ओघ वाढला तो २०१५ च्या आसपास. महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणवून घेणाऱ्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी मोठ्या संख्येने स्वतःचे ब्लॉग काढले आणि परिपाठ, दिनविशेष, सराव प्रश्न, शासन निर्णय असं सगळं तिथे ठेवलं. बहुतेक ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर होते. ब्लॉगर फीड आपोआप तयार करतो, लिहिणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. चंदगडच्या गुरुजींनी ठेवलेला स्वाध्याय डोंगराअलीकडच्या खानापुरात त्याच दिवशी मिळू शकत होता.

मिळालं म्हणून ते जसंच्या तसं वापरता येत नसे, हेही सांगायला हवं. महाराष्ट्राचे शासन निर्णय इथे लागू नाहीत. भाषा, गणित आणि बरंचसं विज्ञान चालतं, इतिहास-नागरिकशास्त्राचे धडे वेगळे. वेळापत्रकही जुळत नाही: कर्नाटकात मधली मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. तिकडचा सत्र परीक्षेचा सराव इथे ऐन वेळी येत नाही. रीडरमध्ये नोंदीला खूण करून ठेवता येते आणि आपल्या परीक्षेच्या आठवड्यात ती बाहेर काढता येते. ही छोटी सोय सीमाभागातल्या शिक्षकाला जितकी कामाची, तितकी पुण्यातल्या शिक्षकाला क्वचितच असेल.

तोवर गूगल रीडर मात्र गेला होता. मार्च २०१३ मध्ये घोषणा झाली आणि १ जुलैला, आपल्या शाळा सुरू होऊन महिना झाला असताना, तो बंद पडला. वाचणाऱ्यांच्या हाती एक गोष्ट उरली: आपण निवडलेल्या फीडची यादी. ती ओपीएमएल या खुल्या मांडणीत फाईल म्हणून उतरवून दुसऱ्या रीडरमध्ये चढवता येत होती. कंपनीचं दुकान उठलं तरी तुमची निवड तुमच्याकडे राहते, हा गुण आज वापरात असलेल्या फार थोड्या साधनांत आहे.

पुढे व्हॉट्सॲप आलं आणि शिक्षकांचे गट, केंद्रांचे गट, पालकांचे गट त्यावर बनले. त्याचा उपयोग मी नाकारत नाही, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेपर्यंत निरोप त्यानेच पोचतो. पण पुढे ढकललेल्या मजकुराबरोबर त्याचा मूळ पत्ता बहुतेक वेळा येत नाही आणि दिसते ती पाठवल्याची तारीख, लिहिल्याची नव्हे. जुलैच्या पावसात हे नेमकं नडतं. शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप फिरू लागतो. तो यंदाचा की गेल्या वर्षीचा, आपल्या तालुक्याचा की पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्याचा, हे विचारेपर्यंत अर्धी मुलं घरी थांबलेली असतात. फीडमधल्या नोंदीला तारीख आणि उगम जोडलेला असतो. कात्रणावर पेपरचं नाव लिहिणारे गुरुजी हेच तर करत होते.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा दोन राज्यांमधली ही जागा सगळ्यांनाच दिसली. जुलैमध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर कर्नाटकच्या अभ्यासक्रमाचे पाठ सुरू झाले, कन्नडमधून. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, मराठीतून, पण बालभारतीच्या पुस्तकांवर. आपल्या मुलाचं पुस्तक एका वाहिनीवर आणि भाषा दुसऱ्या वाहिनीवर. दोन्हीकडचं पाहून आपल्या धड्याला लागू पडणारा भाग मुलांना नेमून देणं हे काम शिक्षकाशिवाय कुणीच करू शकलं नसतं. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही फीड असतं, त्यामुळे तिथे ठेवलेले दोन्हीकडचे पाठ एका यादीत आणणं तेव्हाही शक्य होतं आणि आजही आहे.

फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये फीड दाखवण्याची सोय काढून टाकली आणि नारिंगी चिन्ह बऱ्याच पानांवरून गेलं. फीड मात्र मागे चालूच आहेत. वर्डप्रेसवरच्या बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की यादी उघडते. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या इतिहासाला फीड आहे. थंडरबर्ड या मोफत कार्यक्रमात ईमेलच्या शेजारीच फीड वाचता येतात. सुरुवात करणाऱ्याने सात-आठच फीड घ्यावेत: दोन मराठी शिक्षकांचे ब्लॉग, एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र, एक विज्ञानाचं, भूकंपांचं आणि दोन्हीकडच्या शैक्षणिक वाहिन्यांचं. महिन्याभरात ज्यातून वर्गात काहीच गेलं नाही ते काढून टाकावं. जी परिपत्रकं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच येतात, ती मात्र अजून तरी हाताने उघडून, तारीख पाहून, वेगळी ठेवावी लागतात.