सर्पगंधेची मुळी आणि बीपीची गोळी

‘अ‍ॅडेल्फेन’ हे नाव आज साठीच्या पुढच्या माणसांनाच आठवेल. एके काळी घरातल्या कुणाला बीपी निघालं की ही गोळी ठरलेली असायची. चष्म्याच्या घरात, देवघरातल्या डबीत, प्रवासाच्या पिशवीत ती कुठे ना कुठे सापडायचीच. तिच्यातल्या दोन औषधांपैकी एक म्हणजे रेसरपिन. ते मिळतं सर्पगंधेच्या मुळीतून. गोळी बनवणारी सिबा कंपनी मात्र स्वित्झर्लंडमधल्या बाझलची. म्हणजे मुळी इथली आणि गोळी तिथली. मधला रस्ता परळच्या केईएम रुग्णालयावरून जातो, हे आपल्याकडेही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

हा रस्ता समजायचा तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरांच्या लेखी वाढलेला रक्तदाब हा उपचार करण्याजोगा आजार नव्हता. तो मोजता येत होता. दंडाला पट्टा बांधून मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली, आणि पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायचे, त्यातून वरचा-खालचा आकडा ठरवायचा, हे रशियाच्या कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं. पण मोजून पुढे काय करायचं? वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, तेव्हा दाब वाढणं ही शरीराने केलेली सोयच आहे, असा समज होता. कारण सापडत नाही अशा रक्तदाबाला ‘इसेन्शियल’ हे विशेषण लागलं आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘आवश्यक’ असाच घेतला. लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन हे (Hay) १९३१ मध्ये म्हणाले होते की, रक्तदाबाच्या रोग्याला सगळ्यात मोठा धोका दाब सापडण्याचा असतो, कारण मग कुणीतरी मूर्ख तो खाली आणायला जाणारच. त्याच वर्षी बोस्टनचे पॉल डडली व्हाइट यांनीही लिहिलं की, आपल्याला तो उतरवता आला तरी त्याच्या वाटेला न जाणंच कदाचित बरं. व्हाइट म्हणजे अमेरिकेतल्या हृदयरोगशास्त्राचा आधारस्तंभ. तेव्हा हे अडाण्यांचं मत होतं असं म्हणून सुटका नाही.

या समजाची किंमत अमेरिकेच्या अध्यक्षांनीही मोजली. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासलं तेव्हा दाब होता १८६/१०८, आणि हृदय थकायला लागलं होतं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तोवर ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. ब्रुएन यांच्याकडे तरी देण्यासारखं काय होतं? विश्रांती, कमी मीठ, हृदयासाठी डिजिटालिस आणि झोपेसाठी फेनोबार्बिटल. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला डोकं प्रचंड दुखतंय म्हणत रूझवेल्ट कोसळले, त्यानंतर मोजलेला दाब ३००/१९० होता. युद्ध जिंकायला आलेल्या देशाचा प्रमुख मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला आणि हाताशी एकही गोळी नव्हती.

गोळी नव्हती तशी उपचारांची टंचाई मात्र नव्हती. ड्यूक विद्यापीठातले वॉल्टर केम्पनर रोग्यांना नुसता भात, फळं आणि साखर यांवर ठेवत. मीठ जवळजवळ शून्य. (बिनमिठाचा भात महिनोन्‌महिने खाणं काय असतं ते कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको.) दाब उतरायचाही, पण हा आहार निभवणार किती जण? दुसरीकडे शल्यचिकित्सक पाठीच्या कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या माळा कापून टाकत. रोगी उभा राहिला की त्याला घेरी यायची.

आता मुळीकडे येऊ. सर्पगंधा ही हातभर उंचीची झुडूपवजा वनस्पती, खरं काम तिच्या मुळीचं. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सापाच्या विषावर चालणाऱ्या झाडाचं वर्णन केलं आहे, नागाशी झुंजणारं मुंगूस ते चावून खातं या गोष्टीसकट. ती सर्पगंधाच असावी असं बरेच अभ्यासक मानतात. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत, कारण बेभान झालेल्या माणसाला ती शांत झोपवायची. शास्त्रीय नाव ‘राउवोल्फिया’ मिळालं ते लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून. त्यांनी प्रवास केला तो पश्चिम आशियात, हिंदुस्थानात ते कधी आलेच नाहीत.

१९३१ हे साल या मुळीच्या दृष्टीने विलक्षण. जॉन हे आणि व्हाइट रक्तदाबाला हात लावू नका असं सांगत होते त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी असल्याचं छापलं. त्याच सुमाराला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली शरीरावर परिणाम करणारी रसायनं, वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ नाव दिलं. नंतर रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्यातल्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर काम झालं. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीची ‘सर्पिना’ गोळी बाजारात आली. मुळी वापरात होती, विकली जात होती, डॉक्टर लिहूनही देत होते. हे सगळं देशातल्या नियतकालिकांत छापून येत होतं आणि देशाबाहेर त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

ते पाहायला लावलं रुस्तम जाल वकील यांनी. मुंबईचे पारशी डॉक्टर, शिक्षण लंडनचं, काम केईएममध्ये. त्यांनी कारण न सापडणाऱ्या रक्तदाबाचे ५० रोगी घेतले, मुळीच्या गोळ्या दिल्या आणि आकडे नोंदत गेले. दाब उतरत होता, तोही हळूहळू, आणि गोळी थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकत होता. नाक चोंदणं, गुंगी, सैल शौच यापलीकडे मोठा त्रास दिसला नाही. हा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. आजच्या मापाने ही चाचणी लहानच. पण डॉ. वकील यांनी तीन गोष्टी केल्या ज्या आधी एकत्र झाल्या नव्हत्या: रोगी मोजून घेतले, दाब वेळोवेळी मोजला, आणि निष्कर्ष जगातले हृदयरोगतज्ज्ञ वाचतात तिथे छापला. मला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती थोडी खटकतेही. कलकत्त्यात छापलेलं सत्य अठरा वर्षं कुणी वाचलं नाही, ते लंडनमध्ये छापल्यावर वर्षभरात बोस्टनला पोचलं.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचून मुळी मागवली आणि १९५० च्या सुमाराला आपल्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. त्यांना दिसलं की दाब उतरतो, नाडी मंदावते आणि रोग्याची चिंताच नाहीशी होते. तिकडे बाझलमध्ये सिबाच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळीतलं खरं काम करणारं द्रव्य, रेसरपिन, वेगळं केलं. ते काम कसं करतं हे थोडं पुढे कळलं: मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन हे निरोप पोचवणारं रसायन ज्या पिशव्यांत साठवलेलं असतं त्या पिशव्या रेसरपिन भरूच देत नाही. रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ म्हणणारा निरोपच क्षीण होतो. निरोप मेंदूतही क्षीण होतो, म्हणून ते मनोरुग्णालयांतही गेलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याचं नाव घेतात, तो.

पण दाब उतरवला म्हणजे माणूस जगतो का, हा प्रश्न तसाच होता. त्याचं अर्धं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावाने दिलं. रूझवेल्ट गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. औषध नाही, उपचार नाही, नुसती नोंद. १९५७ पासून निष्कर्ष येऊ लागले: ज्यांचा दाब जास्त त्यांना हृदयविकार जास्त. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी ‘धोक्याचे घटक’ हा शब्दप्रयोग रूढ केला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पुढे सिगारेट ही आज कुठल्याही दवाखान्यातल्या तक्त्यावर दिसणारी यादी तिथून निघाली. तरीही शंकेखोरांना वाव होता. दाब वाढलेले जास्त मरतात, मान्य, पण तो उतरवल्याने मरण टळतं कशावरून?

उरलेलं उत्तर एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून काढलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय ते रोग्याला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. १९६७ मध्ये निकाल आला. पोकळ गोळ्यांच्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणं, मृत्यू असे मोठे प्रसंग २७ आणि औषधांच्या गटात २. फरक इतका उघड होता की या गटापुरती चाचणी लवकर आटोपावी लागली. १९७० मध्ये दाब त्याहून कमी असलेल्या ३८० जणांचा निकाल आला: पाच वर्षांत असा प्रसंग ओढवण्याची शक्यता ५५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर. बाया एकही नव्हत्या, त्यांचा विचार नंतरच्या अभ्यासांत झाला. रक्तदाबावर उपचार करायचेच, हे डॉक्टरांच्या गळी उतरलं ते इथून.

आणि ती खरी औषधं कोणती होती? हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि रेसरपिन. ज्या चाचणीने वादाचा निकाल लावला तिच्यातल्या तीन औषधांपैकी एक सर्पगंधेच्या मुळीतलं.

एवढं असूनही रेसरपिन मागे पडलं. एक बदनामी उदासीची. हे औषध घेणारे खिन्न होतात, जीव नकोसा म्हणतात, अशी वर्णनं पन्नाशीच्या दशकातच आली. नंतर तपासलं तेव्हा दिसलं की त्या काळचे डोस फार मोठे होते आणि ‘उदासी’ या एका शब्दात गुंगीपासून सगळंच कोंबलेलं होतं. दुसरी बदनामी अधिक जबर होती. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात तीन अभ्यासांनी रेसरपिनचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडला. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण एकदा उडालेला विश्वास परत येत नाही. शिवाय नवी औषधं आली होतीच. त्यांतलं कॅप्टोप्रिल सुचलं ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून. सापाच्या नावाचं झाड मागे सरलं आणि खऱ्या सापाने जागा घेतली, हा योगायोग कुणी रचून सांगितला असता तर खोटा वाटला असता. तरी १९९१ मध्ये आलेल्या साठीपुढच्या ४,७३६ जणांच्या अमेरिकी चाचणीत रेसरपिन दुय्यम औषध म्हणून होतंच, तेही ०.०५ मिलिग्रॅम इतक्या चिमूटभर मात्रेत. त्या चाचणीत पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटला. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतून बीपीसाठी मिळतात त्या मुख्यतः अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनच्या गोळ्या.

सर्पगंधेची ही गोष्ट आपल्याकडे बहुधा ‘आमच्या आयुर्वेदात हे होतंच’ या सुरात सांगितली जाते. अर्धं खरं आहे. मुळी होती, ती झोपवते हे ठाऊक होतं. पण दंडाला पट्टा बांधल्याशिवाय १८६/१०८ दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते उतरलं की नाही हेही कळत नाही. उलट बाजूने अमेरिकी इतिहासांत बोस्टन आणि बाझल ठळक येतात, परळ तळटिपेत जातं. दोन्ही बाजूंनी वकील यांचंच नाव गाळलं जातं, कारण त्यांनी केलेलं काम दोन्ही गोष्टींत नीट बसत नाही: त्यांनी जुनी मुळी घेतली आणि तिला नव्या मापाने मोजलं.

दिल्लीत वेगळं काढलेलं अजमलीन मात्र अजून कामात आहे, विशेषतः युरोपात. धडधाकट तरुण झोपेत अचानक दगावतात त्यामागे कधी कधी ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असतो. साध्या ईसीजीत तो दडून राहतो. मग रोग्याला निगराणीखाली ठेवून शिरेतून अजमलीन देतात आणि कागदाकडे बघत बसतात. दोष असेल तर काही मिनिटांत ईसीजीची रेघ बदलते.